फॅन फिल्म करायचीय, पण जग दुसऱ्याच्या मालकीचं

पुण्यात एकांकिका करणाऱ्या पोरापोरींच्या हातात बरा कॅमेरा आला की त्यातले दोघं-तिघं हमखास सायफायकडे वळतात, आणि पहिली इच्छा असते ती लहानपणापासून डोक्यात घर करून बसलेल्या जगातलीच गोष्ट सांगायची, स्टार ट्रेक, स्टार वॉर्स, डॉक्टर हू, जे काही असेल ते; चाहत्यांनी केलेल्या अशा फिल्मला फॅन फिल्म म्हणतात. बोहरी आळीतून पाइप आणि पत्रे येतात, सनबोर्डचं कंट्रोल पॅनल उभं राहतं, बुधवार पेठेतून एलईडीच्या पट्ट्या आणल्या जातात, शनिवार-रविवारचं शूटिंग ठरतं, आणि मग कधीतरी कोणीतरी विचारतं की अरे पण हे चालतं का आपल्याला? यावर दोन उत्तरं अगदी तोंडावर तयार असतात. एक म्हणजे "आपण कुठे पैसे कमावतोय, मग काय होतंय", आणि दुसरं "शेवटी क्रेडिट देऊ ना त्यांना". दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे नीट कळलं की फिल्म गुंडाळून ठेवायची वेळ येत नाही, उलट काय काय करता येईल ते दिसायला लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मालकी कशावर असते ते बघू. कॉपीराइट नुसत्या कल्पनेवर नसतो, ती कल्पना कुठल्या रूपात मांडलीय त्यावर असतो. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे अगदी स्वच्छ सांगितलंय, तिथे वाद होता नाटकावरून सिनेमा ढापला का असा, आणि कोर्ट म्हणालं की विषय, कल्पना, मध्यवर्ती सूत्र यांच्यावर कोणाची मक्तेदारी नाही. म्हणजे लांबच्या सफरीवर निघालेलं अवकाशयान, त्यात वेगवेगळ्या ग्रहांवरची माणसं आणि त्यांचा एक कॅप्टन, एवढं कोणीही वापरावं. पण त्या यानाचा ठरावीक आकार, नाव, छातीवरचं चिन्ह, त्या जमातीची कपाळं आणि कान, ओळखीचं पात्र, त्याची नावानिशी सगळी पूर्वकथा, हे एकत्र यायला लागलं की तुम्ही कल्पनेच्या बाहेर पडून दुसऱ्याच्या मालात शिरलात. पात्रालासुद्धा संरक्षण मिळू शकतं, २०१६ मध्ये चुलबुल पांडेच्या बाबतीत मुंबई हायकोर्टाने तसंच मत दिलं होतं. शिवाय नाव आणि लोगो यांचा ट्रेडमार्क वेगळा, तो कॉपीराइटच्या मुदतीशी बांधलेला नसतो.

आणि हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असंही नाही. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांच्या कलाकृतींना भारतात आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचंच संरक्षण मिळतं. त्या कायद्याच्या कलम १४ मध्ये रूपांतर करायचा हक्क मालकाकडे ठेवलाय.

आता "पैसे कमावत नाही" या मुद्द्याकडे येऊ, कारण हा सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज आहे. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड असं लिहिलंय, आणि त्यालाच जोडून एक सवलत आहे की उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. नीट वाचा, शिक्षा कमी होऊ शकते, उल्लंघन हे उल्लंघनच राहतं. हौसेच्या शॉर्ट फिल्मवरून कोणी लगेच जेलमध्ये जातं असं अजिबात नाही, प्रत्यक्षात गोष्ट नोटीस आणि व्हिडिओ उतरवण्यापर्यंतच जाते, पण "फुकट केलं म्हणजे कायदेशीर" हे समीकरण डोक्यातून काढून टाका. क्रेडिटचंही तेच, क्रेडिट देणं हा सभ्यपणा आहे, ती परवानगी होत नाही.

मग फेअर यूज? हा शब्द अमेरिकेतला आहे, तिथे चार निकष लावून कोर्ट ठरवतं, कशासाठी वापरलं, मूळ काम कसं आहे, किती घेतलं आणि मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम झाला. आपल्याकडे कलम ५२ मध्ये फेअर डीलिंग आहे आणि तिथे कारणांची यादीच दिलीय, खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. त्यात "मला हे जग आवडतं म्हणून मी पुढची गोष्ट लिहिली" असं कारण नाहीये. टीकेचा रस्ता मात्र खरा आहे, केरळ हायकोर्टाने १९९६ मध्ये सिविक चंद्रन यांच्या खटल्यात एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक फेअर डीलिंगमध्ये बसवलं होतं, कारण त्यात मूळ नाटकातला भाग घेतला होता तो त्याच्यावर टीका करण्यासाठी. म्हणजे तुमची फिल्म मूळ जगाशी खरोखर भांडत असेल, त्याच्यावर काही म्हणत असेल, तर तुमच्या बाजूने बोलायला थोडी जागा असते. सरळ भक्तिभावाने केलेल्या फिल्मला ती जागा जवळजवळ नसते.

पुण्यातल्या मंडळींनी एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्या, कारण इथेच गफलत होते. रंगमंचासाठी आपल्या कायद्यात दोन सवलती आहेत. कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी नाटक किंवा संगीत सादर केलं तर ते चालतं, आणि हौशी संस्थेने बिनतिकीट प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तरी चालतं. म्हणून गॅदरिंगमध्ये वर्षानुवर्षं कोणाच्याही संहितेतले प्रवेश होतात आणि कोणी काही बोलत नाही, त्यामुळे पोरांना वाटतं की हीच मोकळीक सगळीकडे आहे. पण तिकीट लावलं की हौशी संस्थेची सवलत गेली. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सवलत आहे ती समोर बसलेल्या माणसांपुढे सादर करण्याची. तोच प्रयोग शूट करून, कापून, रंग चढवून नेटवर टाकला की ती प्रत झाली आणि जगभर प्रसारण झालं, त्याला ही सवलत लागू नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये जे बिनधास्त केलं तेच चॅनेलवर गेल्यावर अडतं ते यामुळे.

आता मालक लोकांच्या नियमांकडे. फॅन फिल्मसाठी जाहीर, लेखी नियमावली म्हटली की स्टार ट्रेकचं उदाहरण घ्यावंच लागतं आणि ती आली कशी हे माहीत असल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. बरीच वर्षं तिथे न बोलता चालत होतं. चाहते एपिसोडच्या एपिसोड काढायचे, न्यूयॉर्क राज्यातल्या टिकॉन्डरोगा गावात तर एका ग्रुपने मूळ १९६० च्या दशकातल्या मालिकेचा सेट हुबेहूब उभा केला होता, मालक कंपनी काणाडोळा करायची. मग २०१४ मध्ये अक्सनार नावाच्या प्रकल्पाची वीसेक मिनिटांची झलक आली, बघणाऱ्याला ती स्टुडिओचीच वाटावी इतकी सफाईदार, त्यात व्यावसायिक नट, आणि पुढच्या पूर्ण लांबीच्या फिल्मसाठी चाहत्यांकडून १० लाख डॉलरच्या वर वर्गणी जमली, त्यातून स्टुडिओसाठी जागाही घेतली गेली. डिसेंबर २०१५ मध्ये स्टार ट्रेकच्या मालक कंपन्या पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी कॅलिफोर्नियात दावा ठोकला. दाव्यात काय काय मोजून दाखवलं होतं ते बघण्यासारखं आहे, टोकदार कान, गणवेश, छातीवरचं त्रिकोणी चिन्ह, माणसं एका जागेवरून दुसरीकडे पाठवायचं यंत्र, इतकंच काय क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीची भाषासुद्धा, आणि त्यावर कृत्रिम भाषा बनवणाऱ्यांच्या एका संस्थेने कोर्टात निवेदन दिलं की भाषेवर कोणाची मालकी असू शकत नाही. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की इथे फेअर यूजचा बचाव चालणार नाही, बाकीचा प्रश्न ज्युरीपुढे जाणार होता, पण त्याच महिन्यात तडजोड झाली आणि पूर्ण लांबीच्या फिल्मऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग एवढीच मुभा राहिली.

खटला चालू असतानाच, जून २०१६ मध्ये, कंपनीने फॅन फिल्मसाठी दहा नियम जाहीर केले. गोष्ट एकच आणि स्वतंत्र, पंधरा मिनिटांच्या आत, किंवा फार तर दोन भाग मिळून तीस मिनिटं, पुढे सीझन नाही, सीक्वेल नाही. मुख्य नावात स्टार ट्रेक हे शब्द वापरायचे नाहीत, पण खाली उपशीर्षक म्हणून ही स्टार ट्रेकची फॅन निर्मिती आहे असं लिहायचंच. मूळ मालिकेचे तुकडे लावायचे नाहीत. काम करणारे सगळे हौशी आणि बिनपगारी, आणि आधी कधीही अधिकृत स्टार ट्रेकमध्ये काम केलेला माणूस नको. वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंत, आणि त्यात वेबसाइटचं कमिशनही धरलेलं. जाहिरातीचं उत्पन्न नाही, डीव्हीडी नाही. शिव्या, नग्नता, दारू, सिगरेट नाही, घरातल्या सगळ्यांनी बसून बघावं असं.

यातल्या गणवेशाच्या नियमावरून बराच गोंधळ होतो. बाजारात जे अधिकृत मिळतं ते वापरणार असाल तर अस्सल घ्या, त्याची नकली आवृत्ती घेऊ नका, असा त्याचा रोख आहे. म्हणजे ऑनलाइन मिळणारा तीन-चारशे रुपयांचा ड्युप्लिकेट बॅज लावलात तर नियम मोडला, हे उघड आहे. आपल्या शिंप्याकडून कापड घेऊन स्वतः शिवून घेणं हा वेगळा प्रकार, ते चाहत्यांचं मूळ कामच आहे, आणि तसंही शिवलेल्या कपड्यात पोरं जास्त बरी दिसतात, पॉलिस्टरच्या तयार गणवेशावर लाइट पडला की तो चमकतो आणि सगळा प्रसंग फॅन्सी ड्रेससारखा दिसायला लागतो.

माझं स्वतःचं मत सांगतो. पंधरा मिनिटांची अट मला जाचक वाटत नाही, आपल्याकडे ज्याने एकांकिका केलीय त्याला वेळेच्या चौकटीत अख्खी गोष्ट बसवणं नवीन नाही, तीन पात्रं, एक पेच, एक जागा, आणि घड्याळ लावून तालमी. ५० हजार डॉलर म्हणजे आपले चाळीस लाखांच्या वर, कॉलेजच्या ग्रुपला तिथपर्यंत पोचायचंही नसतं. खरी टोचणारी अट आहे ती पुढचा भाग न काढण्याची, कारण चाहत्यांच्या कामात जी मंडळी जमतात ती एकमेकांबरोबर वाढतात, तोच कॅप्टन पुढच्या वर्षी जरा मोठा झालेला दाखवायचा असतो, आणि ते दार बंद केलंय. हौशी लोकांनी मालिका वाढवली, तिच्या पडत्या काळात तिला जिवंत ठेवलं, त्यांच्यावरच हे बंधन आलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. टिकॉन्डरोगाच्या सेटचं मात्र चांगलं झालं, तिथे परवाना घेऊन आता लोकांना तो सेट तिकीट काढून बघता येतो.

पण या नियमावलीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य या दहा मुद्द्यांच्या बाहेर आहे. तिथे लिहिलंय की हे नियम म्हणजे परवाना नाही, कुठल्याही फिल्मला दिलेली मान्यता नाही, आणि कंपनी ते कधीही बदलू किंवा मागे घेऊ शकते. म्हणजे नियम पाळलेत तर आम्ही हरकत घेणार नाही, एवढंच आश्वासन. जुन्या वाड्यात घरमालकाने गच्चीवर पापड वाळत घालू दिले म्हणजे गच्ची भाडेकरूची होत नाही, तसं आहे हे. पापड जरूर घाला, पण गच्चीवर खोली बांधायला घेऊ नका. तीन वर्षांचं काम, लाखभर रुपये आणि दहा जणांचं करिअर अशा आश्वासनाच्या भरवशावर लावायचं का, हा विचार शूटिंगच्या आधी करायचा.

प्रत्येक मालकाचा स्वभाव वेगळा. स्टार वॉर्सवाल्या लुकासफिल्मने २००२ पासून स्वतःच चाहत्यांच्या फिल्मची स्पर्धा घेतली, पण सुरुवातीला फक्त विडंबन आणि माहितीपट चालायचे, त्या जगातली गंभीर कथा चालायची नाही, ती मुभा २००७ मध्ये आली. दुसरं टोक म्हणजे वॉरहॅमर हा खेळ बनवणारी गेम्स वर्कशॉप, त्यांनी २०२१ च्या जुलैमध्ये सरळ लिहून टाकलं की आमच्या जगावर आणि पात्रांवर फॅन फिल्म आणि अॅनिमेशन करायचंच नाही, आणि काही वर्षं खपून मालिका करणाऱ्यांनी काम थांबवलं. गंमत म्हणजे त्याच कंपनीने त्यातल्याच एका अफलातून अॅनिमेशन करणाऱ्याला स्वतःकडे कामाला घेतलं होतं. तेव्हा एका कंपनीचा नियम वाचून दुसऱ्या कंपनीच्या जगात काम सुरू करू नका, आणि कुठल्यातरी ग्रुपवर आलेला सारांश वाचून तर नाहीच नाही, मूळ पान उघडून, तारीख बघून, त्याची पीडीएफ स्वतःकडे ठेवा.

आता यूट्यूबवर काय होतं ते. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हीला स्ट्राइकच म्हणतात. क्लेम हा बहुतेक वेळा मशीनने आपोआप लावलेला असतो, यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा तुमचा आवाज आणि चित्र मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून बघतं आणि जुळलं की मालकाच्या पसंतीप्रमाणे व्हिडिओ बंद होतो किंवा त्यावर जाहिरात लागून पैसे मालकाला जातात किंवा नुसती नजर ठेवली जाते, चॅनेलला धक्का लागत नाही. त्यावर तुम्ही हरकत घेतली तर समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर टेकडाउन, म्हणजे व्हिडिओ उतरवायची मागणी, पाठवली, तो चॅनेलवर बसतो, आणि नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनेलच जाऊ शकतं. स्ट्राइकवर काउंटर नोटीस, म्हणजे उलट नोटीस, देता येते, पण त्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो, तो समोरच्या कंपनीकडे जातो आणि कोर्टात जाण्याची तयारी आहे असं त्यात अध्याहृत असतं, तेव्हा रागाच्या भरात रात्री दोन वाजता ते बटण दाबू नये. आपल्या कायद्यातही अशी सोय आहे, तक्रार आली की साइटने छत्तीस तासांत मजकूर बंद करायचा आणि एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो परत चालू करता येतो.

फिल्म पकडली जाते ती बहुतेक वेळा संगीतावरून. गाण्यात दोन हक्क असतात, चाल एकाची आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं. त्यामुळे "आम्ही ओरिजिनल ट्रॅक लावलाच नाही, आमच्या मित्राने पेटीवर वाजवलंय" याने ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, चालीचा सुटत नाही. २०१९ च्या जानेवारीत हे सगळ्यांना दिसलं, स्टार वॉर्समधल्या डार्थ वेडरवरच्या एका गाजलेल्या फॅन फिल्मला संगीत नव्याने करून घेतलं होतं, पण त्यात ओळखीच्या चालीचा भाग होता, संगीत कंपनीने क्लेम लावला आणि जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवले, बनवणाऱ्याने तर जाहिरात लावायची नाही असंच आधी ठरवलेलं. चाहत्यांनी आरडाओरडा केला, लुकासफिल्मने मध्ये पडून तो क्लेम काढायला लावला. तिथे लाखो लोक बघत होते म्हणून झालं, आपल्या चारशे व्ह्यूजच्या फिल्मसाठी कोण मध्ये पडणार? म्हणून चाल नवीन करा. पुण्यात पेटी, तबला, सतार, व्हायोलिन वाजवणारी पोरं ढिगाने आहेत, त्यांना "त्याच्यासारखं काहीतरी" असं सांगू नका, प्रसंग सांगा, यान बंद पडलंय, हवा चाळीस मिनिटांची उरलीय, आणि वाजवू द्या.

आवाजांचंही तसंच. यानाच्या दाराचा तो सुस्सकन आवाज मूळ मालिकेतून उचलायची गरजच नाही. प्रेशर कुकरची शिट्टी उचलून वाफ सोडा, मोबाइल हातभर लांब धरून रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये वेग निम्मा करा, शेवटाला स्टीलच्या कपाटाचा खटका जोडा, दार तयार. वाफेचा सुरुवातीचा फुत्कार जरा कापायचा, नाहीतर कुकर ओळखू येतो. नासाची बहुतेक छायाचित्रं आणि व्हिडिओ कॉपीराइटमुक्त असतात, तारे आणि ग्रह तिथून घ्या, फक्त त्यांचा लोगो वापरून नासाचा पाठिंबा असल्याचा भास करू नका.

एक नवीन फंडा म्हणजे एआयने मूळ नटाचा चेहरा किंवा आवाज लावणं. हे करू नका. पात्राचा मालक वेगळा आणि त्या माणसाच्या चेहऱ्या-आवाजाचा मालक तो स्वतः, २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना रोखलंय. कंपनी गप्प बसली तरी तो माणूस गप्प बसेलच असं नाही, आणि बसू नये.

एवढं सगळं वाचून वाटेल की मग करायचं काय. माझं उत्तर असं की ज्या जगाचं दार उघडं आहे तिथे जा, आणि अशी जगं आपल्याला वाटतात त्याहून खूप जास्त आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं संपली की लेखन सगळ्यांचं होतं. एच. जी. वेल्स १९४६ मध्ये गेले, म्हणजे २००७ पासून त्यांचे मंगळावरचे तीन पायांचे राक्षस आपल्याकडे मोकळे आहेत, शनिवारवाड्यासमोर उतरवा हवे तर. ज्यूल व्हर्न तर १९०५ मध्येच गेले. त्यांचा पाणबुडीवाला कॅप्टन नेमो मूळचा कोण आहे माहितीये? बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला आणि सगळं गमावून समुद्राखाली गेलेला. या माणसावर मराठीत फॅन फिल्म झाली पाहिजे असं मला फार वाटतं, त्याला आपली भाषा शोभेल आणि कोणाची परवानगी लागणार नाही.

पण इथेही दोन खाचखळगे आहेत. व्हर्न मोकळे असले तरी भा. रा. भागवतांनी केलेली मराठी रूपांतरं मोकळी नाहीत, भागवत २००१ मध्ये गेले, त्यांच्या वाक्यांवरचा हक्क २०६१ संपेपर्यंत आहे. म्हणजे फ्रेंच किंवा जुन्या इंग्रजी आवृत्तीवरून स्वतः संवाद लिहायचे, लहानपणी वाचलेली भागवतांची वाक्यं उचलायची नाहीत. आणि मूळ पुस्तकातली पाणबुडी घ्या, पण १९५४ च्या डिस्नेच्या सिनेमात दिसणारी ती काटेरी पाठीची पाणबुडी घेऊ नका, तो आकार त्या सिनेमाचा.

लेखकांनी स्वतःहून मोकळी केलेली जगंही आहेत. एससीपी फाउंडेशन नावाचं भयविज्ञानकथांचं प्रचंड जग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, श्रेय द्या आणि तुमची फिल्मही त्याच परवान्याखाली ठेवा, बास, पैसे कमावले तरी चालतं. तिथेही चित्रांचे हक्क वेगळे तपासायचे, त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध राक्षसाचा फोटो मुळात एका जपानी शिल्पकाराच्या कामाचा होता आणि तो शेवटी २०२२ मध्ये काढून टाकला गेला. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेली टीअर्स ऑफ स्टील ही यंत्रमानवांवरची छोटी फिल्म तर कच्च्या फुटेजसकट मोकळी आहे, व्हीएफएक्स शिकणाऱ्यांनी ती उघडून बघाच.

जागेचं तर आपल्याला वरदान आहे. वेताळ टेकडीवरची जुनी दगडाची खाण एप्रिल-मे मध्ये बघा, गवत वाळलेलं, काळा कातळ उघडा पडलेला, सकाळी साडेसहाच्या तिरप्या उन्हात कॅमेरा गुडघ्याएवढा खाली ठेवून वर बघितलं की एकही बिल्डिंग फ्रेममध्ये येत नाही, दुसरा ग्रह समोर हजर. आपला हा बेसॉल्ट आणि चंद्रावरच्या काळ्या डागांमधला खडक एकाच जातीचा आहे, म्हणजे हे नुसतं दिसण्यापुरतंही नाही. टेकडीवर शूटिंग करायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, आणि ड्रोन उडवायच्या आधी सरकारी नकाशा बघा, लोहगावच्या विमानतळामुळे आणि लष्करी जागांमुळे पुण्यात बऱ्याच ठिकाणी मनाई आहे.

आणि शेवटचा रस्ता, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो, तो म्हणजे मराठी विज्ञानकथा. जयंत नारळीकर पुण्यातच राहिले, २०२५ मध्ये गेले, त्यांच्या कथांवरचा हक्क २०८५ संपेपर्यंत राहणार, पण इथे हक्क कोणाकडे आहे हे शोधता येतं, आणि त्यांना पत्र लिहिता येतं. लॉस एंजेलिसच्या वकिलाला पत्र लिहून उत्तर येत नाही, सदाशिव पेठेतल्या प्रकाशकाला लिहिलं तर बहुतेक वेळा फोन तरी येतो. पत्रात मोघम "परवानगी मिळावी ही विनंती" असं लिहून सोडू नका. कुठली कथा, किती मिनिटांची फिल्म, कुठे दाखवणार, स्पर्धा, कॉलेज, यूट्यूब सगळं वेगवेगळं लिहायचं, किती वर्षांसाठी, सबटायटल्स कुठल्या भाषेत, तिकीट किंवा जाहिरात असेल का, असेल तर किती हिस्सा देणार, आणि फिल्मचा हक्क कोणाकडे राहणार. प्रकाशकाकडे फक्त पुस्तकाचे हक्क असतात आणि सिनेमाचे लेखकाच्या घरच्यांकडे, असं बरेचदा निघतं, म्हणून सही नक्की कोणाची लागेल ते आधी विचारून घ्या. संहिता सोबत जोडा, कारण कलम ५७ प्रमाणे आपल्या कथेची मोडतोड होऊन नाव खराब झालं तर लेखक किंवा त्यांचे वारस हक्क विकल्यानंतरसुद्धा आक्षेप घेऊ शकतात, तेव्हा शेवट बदलला असेल तर तो बदल कुठल्या पानावर आहे हे पत्रातच लिहा.